गर्डरचा बर्डर होऊ नये म्हणून

मौद्याला माझं टायपिंगचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं लहानसं दुकान आहे. एका उन्हाळ्यात एक पोरगा मीच छापून दिलेला बायोडेटा घेऊन परत आला. नागपूरला पुलाच्या कामावर हेल्पर म्हणून राहिलेला, आता दुसऱ्या ठेकेदाराकडे लागायचं होतं. कागद काउंटरवर ठेवून म्हणाला, "काकाजी, तिथला साहेब हसला ना माझ्यावर. म्हणे, पाखरं उडवायचं काम करत होता का तू?"

चष्मा लावून पाहिलं. अनुभवाच्या रकान्यात 'गर्डर लाँचिंग' असायला हवं तिथे इंग्रजीत 'बर्डर लाँचिंग' छापलं होतं. जीच्या जागी बी. पुलावर लोखंडी तुळया चढवणारा पोरगा एका अक्षरापायी पक्षिनिरीक्षकांना आभाळात सोडणारा झाला. चूक सगळी माझी होती. नवी प्रिंट फुकट दिली आणि वर चहा पाजला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात नेमकं उलटं घडलं. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ तारखेला सालिम अलींचा, म्हणून हे दिवस निवडले आहेत. या आठवड्यात शाळांचे प्रकल्प माझ्याकडे ढिगाने येतात. एका मुलीने सारसावर लिहिलं होतं. तिच्या वहीत वाक्य बरोबर होतं, माझ्या प्रिंटमध्ये ते असं उतरलं: 'अ गर्डर सॉ टू क्रेन्स निअर द कॅनाल.' तिला म्हणायचं होतं की एका पक्षिनिरीक्षकाला कालव्याजवळ दोन सारस दिसले. कागदावर मात्र एका लोखंडी तुळईला कालव्याजवळ दोन क्रेन दिसल्या होत्या. गंमत म्हणजे वाक्य इतकं सरळ वाटत होतं की तिच्या बाईंनी त्यावर बरोबरची खूणसुद्धा केली.

तेव्हापासून या दोन शब्दांवर माझा डोळा आहे. आपल्या भागात दोन्हींची गाठ पडते. एका बाजूला नागपूर आहे. तिथे वर्धा रोडवरच्या ३.१४ किलोमीटरच्या डबल डेकर पुलाची गिनीज बुकात नोंद झाली, आणि गड्डीगोदामला दीड हजार टनांहून जड पोलादी गर्डर रेल्वेरुळांवरून पलीकडे सरकवला. दुसऱ्या बाजूला भंडारा-गोंदियाची धानाची बांधी आणि तलाव आहेत, जिथे महाराष्ट्रातले बहुतेक सारस राहतात. मौदा या दोहोंच्या मधोमध, महामार्गावर. एकाच घरातला थोरला भाऊ गर्डरच्या कामावर आणि धाकटी बहीण शाळेच्या निसर्ग मंडळात, अशी घरं इथे आहेत. दोघांचेही कागद माझ्याच टेबलावर येतात.

आधी ही चूक होते कशी, ते बघा. कीबोर्ड समोर घ्या. मधल्या ओळीत जी आहे, आणि त्याच्या अगदी खाली, किंचित उजवीकडे, बी. बोट जरा घसरलं की जीचा बी होतो. मोबाईलवर तर अंगठाच असतो, त्याची काय कथा. पुढची पाच अक्षरं दोन्ही शब्दांत एकसारखी: आय-आर-डी-ई-आर. बोट न उचलता अक्षरांवरून फिरवत टाइप करायची सवय असेल तर रेघही जवळपास तीच उमटते. बोट घसरून बीऐवजी शेजारचा व्ही दाबला गेला असता तर बरं झालं असतं, कारण 'व्हर्डर' म्हणून असा शब्द सहसा भेटत नाही आणि कॉम्प्युटर लगेच खाली लाल रेघ मारतो. पण बर्डर हाही शब्द, गर्डर हाही शब्द. दोन्ही कोशात आहेत, म्हणून यंत्र गप्प बसतं. लाल रेघ नाही म्हणजे चूक नाही, हा समज जितक्या लवकर सोडाल तितकं बरं. यंत्र स्पेलिंग तपासतं, तुम्हाला म्हणायचं काय आहे ते नाही.

मराठीत टाइप करतानाही सुटका नाही. बर्डर लिहायला गेलात की फोन कधी 'बॉर्डर' सुचवतो, कधी 'ऑर्डर', आणि एकदा तर माझ्या फोनने 'मर्डर' सुचवला. पक्षिनिरीक्षणाच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर तो गेला असता तर पोलीसपाटील पहिले आले असते.

एका अक्षराने काय होतं, ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा चिठ्ठीतल्या 'धरावे'चं 'मारावे' केलं गेलं असं सांगतात, आणि तेव्हापासून 'ध चा मा' भाषेत राहिला. तो म्हणे जाणूनबुजून केला होता. आपण करतो तो घाईत. पण कागद वाचणाऱ्याला तुमची घाई दिसत नाही, त्याला अक्षर दिसतं.

आता दोन्ही शब्द एकदा पक्के करून घेऊ. अर्थाची गोष्ट माहीत असली की शब्द सहसा विसरत नाही.

गर्डर हा 'गर्ड' या क्रियापदावरून आला. गर्ड म्हणजे कसणे, आवळून बांधणे. कमरपट्ट्याला इंग्रजीत गर्डल म्हणतात आणि झाडाच्या बुंध्याच्या घेराला गर्थ, ती याच घरची भावंडं. म्हणजे गर्डर कोण, तर कंबर कसून भार पेलणारा. बीम आणि गर्डर यांतही फरक आहे, आणि साइटवर जाणाऱ्या पोरांनी तो लक्षात ठेवावा. आडव्या तुळईला सरसकट बीम म्हणता येतं. पण ज्या मोठ्या, मुख्य तुळईवर बाकीचे बीम येऊन टेकतात, तिला गर्डर म्हणतात. आपल्या जुन्या लाकडी घरात आढं आणि वासे असतात ना, तसंच काहीसं नातं. वासे बरेच असतात, आढं एक. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो.

आपल्याकडे जुनी माणसं गर्डरला 'गाडर' म्हणतात, कोणी 'गाटर'. बोलायला काही हरकत नाही. हार्डवेअरच्या दुकानात गाडर मागितली की गाडरच मिळते. फक्त गाटर ऐकून इंग्रजीत 'गटर' लिहू नका. गटर म्हणजे सांडपाण्याची नाली, आणि तीही बांधकामाच्याच कागदात येते, म्हणून ती चूक आणखी महाग पडते.

बर्डरची गोष्ट वेगळी. काही शतकांपूर्वी बर्डर म्हणजे पाखरं धरणारा, आणि शेक्सपिअरच्या नाटकातलं 'बर्डिंग' म्हणजे पक्ष्यांची शिकार. पक्षी मारायचे नाहीत, नुसते पाहायचे, हा अर्थ पुढे आला. एडमंड सेलूस या इंग्रज निरीक्षकाने १९०१ मध्ये पुस्तक काढलं, त्याचं नावच 'बर्ड वॉचिंग'. आपल्याकडे सालिम अलींचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ साली आलं, आणि दुर्बीण गळ्यात अडकवून फिरणारा माणूस हळूहळू ओळखीचा झाला. पक्षिशास्त्रज्ञ वेगळा, त्याला इंग्रजीत ऑर्निथॉलॉजिस्ट म्हणतात, ती त्याची पदवी आणि पेशा. बर्डर हा हौशी. बायोडेट्यात छंदाच्या रकान्यात 'बर्डिंग' लिहायला हरकत नाही, पण मग मुलाखतीत पाच पक्ष्यांची नावं आली पाहिजेत.

बर्ड या शब्दाचीच एक मजा सांगतो. जुन्या इंग्रजीत तो 'ब्रिड' होता. बोलता बोलता आर आणि आय यांनी जागा बदलल्या आणि 'बर्ड' झाला. इंग्रजांना हसू नका, आपण नुकसानला 'नुस्कान' म्हणतोच की. तेव्हा कोणी बर्डचं स्पेलिंग बी-आर-आय-डी केलं तर तो हजार वर्षं मागे गेला, एवढंच. फॉर्म मात्र रद्द होईल.

आता माझी मुख्य युक्ती. छोट्या लिपीतला बी आणि छोट्या लिपीतला जी वहीच्या ओळीवर लिहून बघा. बीची दांडी वर जाते, आभाळाकडे. जीचं शेपूट ओळीच्या खाली लोंबतं, जमिनीकडे. वर बघणारा बर्डर, खाली भार सोडणारा गर्डर. शाळेतल्या पोरांना मी हे फळ्यावर काढून दाखवतो, बीच्या दांडीवर चिमणी बसवतो आणि जीच्या शेपटाला वजन टांगतो. एकदा पाहिलं की विसरत नाहीत. एक खोट आहे यात: मोठ्या लिपीत ही युक्ती चालत नाही, आणि सरकारी फॉर्म मोठ्या लिपीतच भरायचे असतात. म्हणून आधी छोट्या लिपीत लिहा, बघा, मग मोठ्या लिपीत बदला. कॉम्प्युटरवर ते एका बटणाचं काम आहे.

आणखी एक सापळा. लोखंडाच्या व्यवहारात 'आयएसएमबी २००' असं लिहिलेलं असतं. त्यातला शेवटचा बी म्हणजे बीम, आणि २०० म्हणजे त्याची उंची मिलिमीटरमध्ये. पोरांच्या डोक्यात 'बी म्हणजे बीम' बसतं, आणि मग बीने सुरू होणारा शब्द तुळईचाच असणार असं वाटायला लागतं. तसं नाही. बीम बीने, गर्डर जीने. आणि बीम हा शब्द तरी कुठला? जुन्या इंग्रजीत बीम म्हणजे झाड. जर्मनीत आजही झाडाला 'बाउम' म्हणतात. झाड तोडून तुळई केली, नाव तेच राहिलं. म्हणजे एके काळी बीमवर खरोखर पाखरं बसत होती.

फोनवर स्पेलिंग सांगताना तर गोंधळ हमखास होतो. बी, डी, जी, पी, टी, व्ही, सगळ्यांचा शेवट 'ई' असाच ऐकू येतो, त्यात साइटवर मिक्सर चालू असतो. इंग्रजी फिल्मवाल्यांसारखं 'ब्राव्हो, गोल्फ' म्हणायची गरज नाही. आपल्या गावांची नावं घ्या. बी भंडाऱ्याचा, जी गोंदियाचा, डी धापेवाड्याचा, पी पारशिवनीचा, टी तुमसरचा, व्ही विदर्भाचा. पलीकडचा माणूस एका झटक्यात लिहून घेतो. मी गेली कित्येक वर्षं हेच करतो आणि आजवर एकाही ग्राहकाने 'काय म्हणालात?' असं दुसऱ्यांदा विचारलेलं नाही.

आता संगतीचं. शब्दाला एकटं वाचू नका, त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघा. गर्डरच्या शेजारी लाँचिंग, इरेक्शन, डेप्थ, फ्लँज, वेल्डिंग, टन असे शब्द येतात. बर्डरच्या शेजारी बायनॉक्युलर, चेकलिस्ट, लेक, मायग्रेटरी. बर्डर हा माणूस, म्हणून इंग्रजीत त्याच्यामागे 'हू' येतो. गर्डर वस्तू, त्याच्यामागे 'विच' किंवा 'दॅट'. बर्डर चालतो, थांबतो, मोजतो. गर्डरला उचलतात, ठेवतात, रंगवतात. आणि सगळ्यांत सोपी कसोटी आपल्या भाषेची: इंग्रजी शब्दाच्या जागी मराठी शब्द घालून वाक्य मोठ्याने म्हणा. 'मी दोन वर्षं पक्षिनिरीक्षक चढवण्याचं काम केलं' असं म्हणताना तुम्हीच थांबाल.

पण त्या मुलीच्या सारसाच्या वाक्यात संगतही फितूर झाली होती, कारण शेजारी 'क्रेन' होता. क्रेन म्हणजे सारस-क्रौंचांच्या कुळातला पक्षी, आणि क्रेन म्हणजे भार उचलणारं यंत्र. स्पेलिंगही तेच. लांब मानेवरून यंत्राला पक्ष्याचं नाव पडलं. आपण नाही का, रंगाऱ्याच्या लाकडी शिडीला घोडी म्हणत? सारस पाच-सहा फूट उंच, उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यांत उंच. मान वर करून बांधीत उभा राहिला की नाव का पडलं ते समजतं. घोटाळा भाषांतर करणाऱ्या यंत्राने होतो. सारसांच्या संवर्धनासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा त्यावर इंग्रजीत बरंच छापून आलं. एका विद्यार्थ्याने तसला मजकूर मोबाईलवर मराठीत करून आणला, त्यात 'क्रेनचे संवर्धन' होतं आणि 'क्रेनच्या घरट्यांची नोंद' होती. मी त्याला विचारलं, "बाबू, क्रेन अंडी घालते का रे?" तो म्हणाला, "गुगलनं दिलं ना काका."

अशी जुळी आणखीही आहेत. रेल म्हणजे रूळ, आणि पक्ष्यांच्या पुस्तकात रेल म्हणजे पाणकोंबडीच्या कुळातले पक्षी. इथे दोन शब्दांचं मूळही वेगळं आहे, योगायोगाने सारखे दिसतात. काइट म्हणजे घार आणि पतंगही, पतंगाला नाव घारीवरून मिळालं. बिल म्हणजे चोच, आणि ठेकेदाराच्या जिवाचा विषय असलेलं बिलही. स्टिल्ट मात्र मला फार आवडतो. नागपूरला फ्लॅट बघायला गेलात की 'स्टिल्ट पार्किंग' दाखवतात, खांबांवर उभी केलेली इमारत, खाली गाड्या. मूळ स्टिल्ट म्हणजे पायाला बांधून चालायचे उंच बांबू. शेजारी छत्तीसगडात हरेलीला पोरं 'गेडी' चढतात, तेच. आणि तळ्याकाठी लांब गुलाबी पायांवर चालणारा आपला शेकाट्या, त्याचंही इंग्रजी नाव स्टिल्टच. तिन्ही ठिकाणी अर्थ एक, लांब पायांवर उभा. म्हणून इथे चूक झाली तरी फार बिघडत नाही. तसाच स्पॅन. पुलाच्या दोन खांबांमधला गाळा म्हणजे स्पॅन, आणि सारसाने पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा सव्वादोन-अडीच मीटरचा विस्तार, तोही स्पॅन.

एका अक्षराने फसवणारेही आहेत. थ्रश म्हणजे कस्तुराच्या कुळातला पक्षी, थ्रस्ट म्हणजे रेटा, कमानीचा भिंतीवर पडणारा. टर्न म्हणजे वळण, आणि यूऐवजी ई घातला की टर्न म्हणजे पाण्यावर झेपावणारा सुरय. एग्रेट म्हणजे बगळा, पुढे आर लागला की रिग्रेट, म्हणजे दिलगिरी. बगळ्यांवरच्या निबंधात 'व्हाइट रिग्रेट' मी स्वतः पाहिलं आहे, आणि खरं सांगायचं तर दुरुस्त करायला जीव झाला नाही.

गावाच्या नावाचंही सांगून टाकतो, कारण सगळ्यांत जास्त फॉर्म त्यानेच अडकतात. मौदा इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहितात. तालुक्याच्या कागदांवर एमनंतर ए येतो, आणि २३२० मेगावॅटच्या एनटीपीसीच्या वीज प्रकल्पाच्या नावात एमनंतर ओ. दोन्ही बरोबर. पण आधार कार्डावर एक, दाखल्यावर दुसरं आणि नोकरीच्या अर्जात तिसरंच असं करू नका. रहिवासी पत्ता लिहिताना आधारवर आहे तेच उतरवा, आणि प्रकल्पातल्या कामाचा अनुभव लिहिताना प्रकल्प स्वतःचं नाव जसं लिहितो तसं. यात हुशारी दाखवायची नसते.

तपासायची रीत काय? मी करतो ती सांगतो. प्रिंट काढण्याआधी ग्राहकाला खुर्चीत बसवतो आणि स्क्रीनवरचा मजकूर त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतो. मनात वाचताना डोळा पुढच्या शब्दावर उडी मारतो, ज्याची वाट बघतोय तेच त्याला दिसतं. तोंडाने वाचलं की वेग कमी होतो. नावं, पदं आणि आकडे उलटे, शेवटाकडून सुरुवातीकडे, एकेक अक्षर वाचायचे. उलटं वाचताना अर्थ लागत नाही, आणि अर्थ लागला नाही की अक्षर दिसतं. शक्य असेल तर दुसऱ्याला वाचायला द्या. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःचं मुसळ दिसत नाही, ही म्हण कागदाबाबत शंभर टक्के खरी आहे. आणि हो, इंग्रजीत त्या मुसळाच्या जागी 'बीम' आहे.

बर्डर आणि गर्डर एकाच वाक्यात, एकाच जागी, दोघंही बरोबर असू शकतात का? असू शकतात. भिंगऱ्यांची एक जात पुलांच्या आणि मोऱ्यांच्या खालच्या अंगाला, चिखलाच्या गोळ्यांची, मडक्यासारख्या तोंडाची घरटी करते, शेकडो एकाला एक चिकटून. पाकोळ्याही अशाच जागा शोधतात. सकाळी सायकल थांबवून कालव्यावरच्या पुलाखाली डोकावून बघा. तिथे एखादा बर्डर गर्डरकडे बघत उभा असेल, मान वर, दुर्बीण डोळ्याला. त्याच्यावर निबंध लिहायचा असेल तर दोन्ही शब्द लागतील, आणि मग वर सांगितलेलं सगळं एकदम कामाला येईल.

फॉर्म घेऊन याल तेव्हा चष्मा घरी विसरू नका. सबमिटचं बटण दाबण्याआधी ती एक ओळ मोठ्याने वाचा. चूक माझी निघाली तर दुसरी प्रिंट फुकट. तुम्ही वाचून हो म्हटल्यावर निघाली तर पाच रुपये.